फ्लॅग्लरसाहेबांची दूरदृष्टी

फ्लोरिडात हेन्री फ्लॅग्लर यांनी पाण्यासारखा पैसा ओतून 1912 साली समुद्रावरून की वेस्टपर्यंत रेल्वे नेली. 1935च्या चक्रीवादळाने ती कायमची बंद पाडली. कोत्या मनाच्या माणसांना यात नुकसान दिसते. वस्तुतः प्रवाशांची अडचण दूर झाल्यावरच पुलांचा खरा उपयोग कळला. याच मार्गावरच्या बाहिया होंडा पुलाच्या तर डोक्यावर 1938मध्ये मोटाररस्ता चढवला. आता तोही सेवानिवृत्त. आज खासगी बोट ठरवायची, गार पेय हाती धरायचे आणि गंजक्या लोखंडाजवळून डुलत जायचे. निसर्गाची शांतता ऐकायला स्पीकर असतोच. वर पेलिकन ऐटीत बसलेले. गाड्या धावत असत्या तर बिचाऱ्यांची केवढी गैरसोय! तेव्हा प्रत्येक नव्या पुलाच्या अंदाजपत्रकात एका वादळाची तरतूद असावी, ही नम्र सूचना. आपल्याकडे तेवढा खर्च वाचेल. ठेकेदार समर्थ आहेत.