टेबललँड आणि शंभर वॉट

गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन’चा एक बारीक स्क्रू असतो. तो आवाज वाढवायला नसतो. स्टिरिओकडून येणारे व्होल्ट आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ घालायला असतो. हे साताऱ्यात मला कुणी सांगितलं असेलही, पण आमच्या बासमध्ये ऐकू आलं नसेल. स्क्रू फिरेल तेवढा फिरवलेला. पोवई नाक्यावर लोक वळून बघत. मी ते कौतुक समजत असे.

सांगलीचा मेहुणा प्रयोगशाळेतला माणूस. म्हणाला, “दाजी, हे गाणं आहे की गिरण? गाडी घेऊन या, सीआरओ लावू. पडद्यावर आवाजाची लाटच दिसेल.”

विश्रामबागेत त्याच्या दारात स्पीकरच्या वायरी काढल्या, इक्वलायझर सपाट केला, बास बूस्ट बंद केला आणि ५० हर्ट्‌झचा टोन लावला. गल्लीला दिसलं ते एवढंच : दोन बाप्ये मुक्या गाडीपुढे उकिडवे बसून हिरव्या रेषेकडे टक लावून आहेत. “बॅटरी गेली का?” एका आजोबांनी विचारलं.

लाटेचे माथे गोल हवेत. माझे पाचगणीच्या टेबललँडसारखे सपाट.

“हे क्लिपिंग. तुम्ही यालाच बास म्हणता. अशानं स्पीकरची कॉइल जळते.”

हिशोब सोपा होता. १०० वॉट, ४ ओहम. गुणाकाराचं वर्गमूळ २० व्होल्ट. मी लाटेचा माथा बरोबर २० वर आणला आणि ऐटीत हात झटकले.

“दाजी, २० हा आरएमएस. माथा २८ ला पाहिजे. निम्मे वॉट सांगलीतच ठेवून चाललात.”

मग मला स्टिरिओची आणि अ‍ॅम्प्लिफायरची लाट शेजारीशेजारी बघायची हौस आली. मेहुणा चहा आणायला आत गेल्याचं बघून दुसरा प्रोब मीच लावला. दोन्ही प्रोबचे काळे चिमटे सीआरओच्या आत एकमेकांना जोडलेले असतात आणि ब्रिज केलेल्या आउटपुटची एकही वायर ग्राउंड नसते, हे ज्ञान ठिणगीसह मिळालं. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला.

“प्रोटेक्टमध्ये गेलाय,” मेहुणा कपबशी सावरत म्हणाला. “बरंय, दोघांपैकी एकाला तरी कळतं.”

परतताना पेठनाका ओलांडेपर्यंत बायको मन लावून ऐकत होती. मी विचारलं, “कसं वाटतंय?”

“अहो, शब्द न् शब्द कळतोय,” ती म्हणाली. “बंद करा आधी. मुलं मागं बसलीत.”