मामांचं जर्मन भोपाळ

जर्मनी पाहून आलेल्या माणसाबरोबर भोपाळ पाहायला निघू नये. निघालंच तर त्याच्या गळ्यातली पासपोर्टची पिशवी आधी घरी काढून ठेवायला लावावी. आमच्या मामांनी ती काढली नाही. अरेरा कॉलनीतून जुन्या शहरात ऑटोने जायचं होतं, वाटेत एकही सरहद्द लागत नव्हती. तरीही पिशवी गळ्यात, सहल कंपनीची केशरी टोपी डोक्यावर आणि हातात मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. ‘९.१० कमलापती महाल. ९.४० गौहर महाल. १०.०५ चहा (बसूनच).’

“यात बाथरूमची वेळ कुठे धरलीय?” मामींनी विचारलं.

मामांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. जर्मनीत या विषयावर त्यांचे बरेच युरो खर्च झाले होते आणि तो हिशेब अजून घरात मिटलेला नव्हता.

मामा अस्सल भोपाळी. त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली, आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर वडीलही इकडे आले. नोकरदारांसाठी वसवलेल्या टी. टी. नगरात मामांचा जन्म. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे त्यांना शाळेत कळलं. तोवर ते नगर तिकीट तपासनिसांचं आहे अशी त्यांची समजूत होती. पुढे भेलमध्ये आयुष्यभर नोकरी केली, निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून मामींना घेऊन जर्मनीचे किल्ले पाहून आले. ऱ्हाईनकाठचे बुरूज पाहिले, हायडेलबर्ग पाहिलं, रोटेनबुर्ग पाहिलं, आल्प्सच्या पायथ्याचं नॉयश्वानस्टाइन पाहिलं. भोपाळमध्ये मात्र ऑफिस, बिट्टन मार्केट आणि पाहुणे आले की बटवे घ्यायला चौक, एवढंच त्यांचं पर्यटन. इस्लामनगर घरापासून तासाभराच्या आत, पण तिकडे कधी पाऊल पडलं नाही.

“का हो मामा?”

“अरे, ते कुठे पळून जाऊन राहिलंय?”

ऑटोवाले चचा दाढीला मेंदी लावणारे, वयाने मामांच्या बरोबरीचे. मामा बसल्या बसल्या त्यांना इतिहास सांगू लागले. डिसेंबर १७३७मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला याच भोपाळात कोंडलं, बाहेरची रसद तोडली आणि जानेवारी १७३८मध्ये दोराह्याला तह करायला लावला. माळवा लिहून घेतला, वर पन्नास लाख रुपये खंडणी कबूल करून घेतली. “पचास लाख, चचा! उस जमाने के!” चचांनी पानाची पिंक टाकली आणि आदराने मान हलवली. आदर पेशव्यांबद्दल होता की रकमेबद्दल, ते कळलं नाही.

राणी कमलापतीचा महाल दोन तळ्यांच्या मधल्या बंधाऱ्यावर आहे. वर दिसतात दोन मजले, आणि खाली पाण्यात आणखी पाच आहेत असं सगळं भोपाळ सांगतं. गोंड राजा निजामशहाची ही राणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. मोठा तलाव त्याहून जुना, अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला. २०२१पासून हबीबगंज स्टेशनला या राणीचं नाव दिलंय, पण चचा अजून हबीबगंजच म्हणतात. मामांनी त्यांना दुरुस्त केलं आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, “जर्मनीतही असंच. केम्निट्झ नावाचं गाव १९५३ ते १९९० कार्ल मार्क्स शहर होतं.”

“मग लोक काय म्हणायचे?”

“गाइडने सांगितलं नाही,” मामा म्हणाले. गाइडने न सांगितलेली गोष्ट इतिहासात घडलेली नसते, असं त्यांचं मत बनलंय.

पाण्याखालचे मजले त्यांना पटले नाहीत. “पुरावा काय?” म्हणून ते तिथल्या पहारेकऱ्याशी वाद घालू लागले. याच मामांनी हायडेलबर्गच्या किल्ल्यातलं १७५१ सालचं दोन लाख वीस हजार लिटरचं पिंप पाहिलं होतं, आणि तिथला पेर्केओ नावाचा बुटका विदूषक आयुष्यभर वाइन पीत ठणठणीत राहिला व एकदाच चुकून पाणी प्याला म्हणून मेला, ही गोष्ट डोळे मिटून मानली होती. मामींनी त्याची आठवण करून दिली.

“तिथे पाटी होती,” मामा म्हणाले.

हे मात्र खरं. तिकडे पाटी असते, तिकिटावर वेळ छापलेली असते, आणि वाटेत फ्रिजला चिकटवायचं चुंबक विकणारं दुकान असतं. मराठी माणूस असा आहे की तिकीट काढलं की तो दगडाकडेही निरखून बघतो. फुकट असेल तर पाठ टेकायला बघतो.

चौकात शिरल्यावर मामांचं वेळापत्रक कोलमडलं. शौकत महालाच्या गॉथिक कमानी पाहून ते एकदम थबकले. या महालाच्या बांधणीत फ्रान्सच्या बुर्बाँ घराण्याच्या एका वंशजाचा हात होता, असं इथे सांगतात. मामांनी कमानींवर बोट रोखलं. “हे तर अगदी...” आणि कुठल्यासारखं ते आठवेना. जर्मनीतली सगळी गावं त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळली होती. “तिकडच्यासारखंच,” त्यांनी निकाल दिला. शेजारच्या सदर मंझिलसमोर एका पोराने “अंकल, फोटो?” म्हणून फोन मागितला. मामांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. युरोपात पाकीटमारांपासून सांभाळून राहायला शिकवलं होतं. पोराने हसून फोटो काढला, फोन परत दिला आणि वर म्हणाला, “को खाँ, गले में क्या लटका रखा है? नाडा है क्या?”

गौहर महाल तळ्याकाठी आहे. कुदसिया बेगमने तो १८२०च्या सुमारास बांधला. इथून पुढे भोपाळच्या गादीवर बहुतेक काळ बायकाच: कुदसिया, मग सिकंदर, मग शाहजहाँ, मग सुलतान जहाँ. १८१९ ते १९२६. यातल्या सिकंदर बेगम हजला गेल्या आणि परत येऊन त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं, तर सुलतान जहाँ बेगम १९११मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला लंडनला गेल्या आणि येताना तुर्कस्तानच्या सुलतानालाही भेटून आल्या. मामींना हे भलतंच आवडलं. “बघा, परदेशी जाऊन येऊन राज्य चालवलं त्यांनी. तुम्ही आल्यापासून साधी गॅसची नोंदणी केली नाहीत.”

फतेहगड पाहायचा तर मेडिकल कॉलेजच्या आवारातून जावं लागतं. भोपाळचा हा मूळ किल्ला दोस्त मोहम्मद खानाने बांधला. आता त्याचा एखाददुसरा बुरूज रुग्णालयाच्या इमारतींमधून डोकावतो. ढाई सीढी की मस्जिदही तिथेच. अडीच पायऱ्यांची, भोपाळातली सर्वांत जुनी. वाटेत एका बाईने मामांची केशरी टोपी आणि गळ्यातली पिशवी पाहून त्यांना रुग्णालयाचे कर्मचारी समजून विचारलं, “भैया, हड्डी वाले डॉक्टर कहाँ बैठते हैं?” मामांनी जर्मनीत शिकलेली शिस्त वापरून तिला रांगेत उभं राहायला सांगितलं. रांग कुठली होती, कोण जाणे. पण ती बाई उभी राहिली आणि तिच्या मागे आणखी दोघं जण. आम्ही काढता पाय घेतला.

खरा सोहळा झाला तो ताजमहालासमोर. आग्र्याच्या नव्हे, भोपाळच्या. शाहजहाँ बेगमने शाहजहानाबादेत स्वतःला राहायला बांधलेला हा राजवाडा १८७१ ते १८८४ या काळातला. खोल्या शंभरावर. बांधून झाल्यावर बेगमने तीन वर्षं जश्न चालवला म्हणतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची कुटुंबं इथे राहिली. आता बराचसा भाग पडका आहे, छतातून पिंपळ बाहेर आलाय. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या दाराला कुलूप होतं आणि भिंतीच्या सावलीत चार पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. स्टंप म्हणून त्यांनी राजवाड्याच्याच विटा लावल्या होत्या.

मामा बराच वेळ वर बघत राहिले. मग मी त्यांच्याच जर्मनीने त्यांना गाठलं. “मामा, नॉयश्वानस्टाइन कधी सुरू केलं?”

“१८६९.” हे त्यांना पाठ होतं.

“म्हणजे इकडे बेगमचं काम सुरू झालं, तेव्हा तिकडे लुडविग दुसऱ्याचं नुकतंच चालू झालं होतं. बेगमचं काम १८८४ला संपलं, आणि त्याच साली तो राजा आपल्या अर्ध्या बांधलेल्या वाड्यात राहायला गेला.”

मामा सावध झाले. बव्हेरियाच्या त्या राजाने वाग्नरच्या संगीतनाटकांच्या नादात डोंगरावर परीकथेतला वाडा काढला, कर्ज डोक्याएवढं केलं. जून १८८६मध्ये मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवून गादीवरून उतरवलं. त्यानंतर तीनच दिवसांनी स्टार्नबर्गच्या तळ्यात त्याचं प्रेत सापडलं. वाड्यात तो सगळे मिळून जेमतेम सहा महिने राहिला असेल. आणि मेल्यावर सात आठवड्यांच्या आत सरकारने तिकीट लावून तोच वाडा लोकांना खुला केला, कर्ज फेडायला. आज वर्षाला लाखो माणसं तिथे रांगा लावतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि अर्ध्या तासाच्या आसपास बाहेर काढतात.

“म्हणजे,” मामी म्हणाल्या, “तो सहा महिनेसुद्धा नीट राहिला नाही, त्याचं बघायला आपण एवढा खर्च केला. आणि हिने तीन वर्षं पंगती उठवल्या, तिचं फुकट आहे तर तुम्ही आज आलात.”

मामांना वादात बव्हेरियाचा बचाव करता येईना. त्यांनी मुद्दा बदलला. “पण त्यांनी स्वच्छ ठेवलंय.” हेही खरं. मग पोरांचा टेनिस बॉल येऊन त्यांच्या टोपीवर आदळला आणि स्वच्छतेवरची चर्चा आटोपली.

शेजारच्या ताज-उल-मसाजिदीतही तोच हिशेब निघाला. शाहजहाँ बेगमनेच ती मशीद सुरू केली. पैसे संपले, बाई गेल्या, काम तसंच पडून राहिलं. १९७१मध्ये पुन्हा हात लागला आणि १९८५मध्ये पूर्ण झालं. मामा खूश. “कलोनचं चर्च १२४८ला सुरू झालं आणि १८८०ला पुरं झालं! सहाशे बत्तीस वर्षं! मधली चारशे वर्षं बुरुजावर लाकडी क्रेन नुसती उभी होती.”

चचा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “मियाँ, इतने में तो हमारा भोपाल मेट्रो भी बन जाता.”

इस्लामनगर बैरसियाच्या वाटेवर आहे. आता सरकारी नाव जगदीशपूर. मूळचं नावही तेच. दोस्त मोहम्मद खानाने ते घेऊन नाव बदललं, आणि २०२३मध्ये ते परत जुनं झालं. आत चमन महाल, कारंज्यांची बाग, राणी महाल, हमाम. आम्ही पोचलो तेव्हा बागेत एक जोडपं प्री-वेडिंगचं शूटिंग करत होतं. नवरा मुलगा तलवार उपसून उभा होता आणि फोटोवाला त्याला “भैया, थोडा लव लाओ” म्हणून विनवत होता.

जवळच्या नदीला हलाली म्हणतात. आख्यायिका अशी की दोस्त मोहम्मदाने जगदीशपूरच्या राजपुतांना नदीकाठी मेजवानीला बोलावलं, जेवता जेवता तंबूचे दोर कापले आणि सगळ्यांना कापून काढलं. मामांनी इथे रोटेनबुर्ग काढलं. १६३१मध्ये सेनापती टिलीने ते गाव जिंकलं आणि जाळायला निघाला, तेव्हा नुश नावाच्या पुढाऱ्याने सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवली आणि गाव वाचवलं, अशी तिथली गोष्ट.

“तिथे पिऊन गाव वाचलं, इथे जेवून गेलं,” मामी म्हणाल्या. “आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण आलं तर आधी नदी कुठे आहे ते विचारा.”

आवारात एक गृहस्थ स्वतःहून माहिती सांगायला आमच्याबरोबर चालू लागले. हमाम, बाग, सगळं छान सांगितलं. मग तटाकडे हात केला. “और यहाँ मराठे आए थे. सिंधिया ने ये किला ले लिया, ग्यारह साल दबाए बैठे रहे. १८१२-१३ में तो सिंधिया और नागपूर के भोंसले, दोनों मिल के भोपाल घेर के बैठ गए. महीनों! औरतें तक फसील पे लड़ीं. वज़ीर मोहम्मद ख़ाँ ने एक ना चलने दी.” ते थांबले आणि आमच्याकडे पाहिलं. “आप लोग कहाँ के?”

आमच्यात शांतता पसरली. सकाळपासून पेशवे नाचवणारे मामा चमन महालाच्या कमानींकडे बघू लागले. मामांचं मूळ गाव, म्हणजे वडिलांचं गाव, नागपूर. “भोपाल के,” मामा शेवटी म्हणाले. “अरेरा कॉलनी.”

“अच्छा, लोकल हैं,” गृहस्थ म्हणाले. “पहली बार आए?”

याला मामांकडे पाटीही नव्हती आणि गाइडही नव्हता.

परतताना अंधार पडायला लागला होता. इब्राहिमपुऱ्यात सुलेमानी चहा झाला; मीठ घातलेला, मामांना आवडलेला. घरी उतरल्यावर चचांनी दिवसभराचे आठशे मागितले. मामांना सहाशेची आशा होती. “जर्मनी में तो दिनभर का पास मिलता है,” ते म्हणाले. “जितना चाहे घूमो.”

“हाँ मियाँ, मगर आपके पेशवा ने निज़ाम से पचास लाख लिए थे,” चचा म्हणाले. “मैं तो आठ सौ माँग रहा हूँ. और भोपाल घुमा के आपको वापस घर तक भी छोड़ा.”

मामींनी पर्समधून दोन पाचशेच्या नोटा काढून, सुटे न मागता चचांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “उरलेले दोनशे निजामाच्या खात्यात जमा करा.”