कौशल्य नावाचा उपद्रव

कौशल्याने खेळांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं पावसानेही केलेलं नाही. पाऊस निदान दोन्ही बाजूंना सारखं भिजवतो. कौशल्याचं तसं नाही. ज्याच्याकडे ते असतं तो जिंकतो, नसतं तो हरतो, आणि हरलेल्याला रात्रभर तळमळूनही दोष द्यायला स्वतःखेरीज कुणी सापडत नाही. इतक्या निर्दय व्यवस्थेला माणसं पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या वाजवत आली. फोनवरच्या गोल्फने ही निर्दयता संपवली, तरी त्याचे जाहीर आभार मानायला कुणी पुढे येत नाही. उलट जो तो कुरकुरतो. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं आहे.

गोल्फशी आपला बहुतेकांचा संबंध कुंपणाबाहेरून येतो. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. त्याच्या बाहेरून रोज जाणारे पुष्कळ, आत जाऊन आलेला ओळखीत सापडणं कठीण. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान तर नावापुरतंच गोल्फचं. तिथे रणजीचे सामने होतात, आणि सकाळी मंडळी चालायला येतात. तेव्हा हा खेळ आम्हा मध्यमवर्गीयांच्या हाती आला तो थेट फोनमधून, आणि तोही फुकट. फुकट म्हणजे सुरुवातीला फुकट.

खेळायची रीत सोपी आहे. आधी ड्रायव्हर, आयर्न, वेज यांतली योग्य स्टिक निवडायची. बोटाने चेंडू मागे ओढून जोर ठरवायचा. मग एक काटा डावी-उजवीकडे झुलू लागतो. तो बरोबर मधल्या रेषेवर आला की बोट सोडायचं. वारा किती आणि कुठून, हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं. समोर ब्राझीलचा नाहीतर पोलंडचा कुणी गडी असतो, दोघांची नाणी पणाला लागलेली असतात, आणि चेंडू कमी फटक्यांत भोकात घालणारा सगळी नाणी उचलतो.

इथवर वाचून हा सगळा कौशल्याचाच मामला आहे असं कुणालाही वाटेल. तसं वाटावं अशीच त्याची रचना आहे. मला तर इतकं वाटलं की मी वाऱ्याचं कोष्टक तयार केलं. उजवीकडून ताशी दहा मैल वारा असेल तर कुठल्या पातळीच्या ड्रायव्हरने निशाण किती रेघा उजवीकडे सरकवायचं, टेकडीवरून खाली मारताना त्यातून किती वजा करायचं, सगळं वहीत आखून ठेवलं आहे. काही नोंदी दशांशात आहेत. त्या कोष्टकाप्रमाणे निशाण लावावं, श्वास धरावा, काटा नेमका मध्यावर असताना बोट सोडावं. पडद्यावर ‘परफेक्ट’ अशी सोनेरी अक्षरं झळकतात, आणि चेंडू झाडीत जातो.

इथे अडाणी माणूस चिडतो. फटका परफेक्ट होता तर चेंडू झाडीत कसा गेला, असं विचारतो. त्याचा प्रश्नच चुकीचा आहे. फटका परफेक्टच होता. चेंडूची गोष्ट वेगळी. कर्मावर आपला अधिकार, फळावर नाही, हे कुरुक्षेत्रावर समजावून सांगायला अठरा अध्याय लागले. हा खेळ तेच चार सेकंदांत सांगतो आणि वर नाणी कापून घेतो, म्हणजे शिकवण लक्षातही राहते.

तेवढ्यात समोरच्याची पाळी येते. त्याचा काटा मधल्या रेषेच्या आसपासही नसतो. चेंडू भलतीकडेच सुटतो, खडकावर आपटतो, नारळाच्या बुंध्याला थडकतो, बंकरच्या काठावरून उसळतो आणि भोकात पडतो. होल-इन-वन. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते असं आपण म्हणतो; इथे कावळा, फांदी आणि भोक अशी तिहेरी गाठ पडते. वर तो गडी डोळा मारणारं चित्र पाठवतो. खऱ्या मैदानावर हे भोक १०८ मिलिमीटर रुंदीचं असतं, १८९१ पासून त्याचं माप ठरलेलं आहे, आणि साध्या हौशी खेळाडूला तिथे एका फटक्यात चेंडू घालण्याची शक्यता साडेबारा हजारांत एक अशी सांगतात. तो भाग्याचा क्षण तिकडे भलताच महाग पडतो. जपानमध्ये होल-इन-वन मारणाऱ्याने सगळ्या मित्रांना मेजवानी द्यायची, भेटी वाटायच्या असा रिवाज आहे. तो खर्च झेपेना, तेव्हा लोक त्यासाठी चक्क विमा उतरवू लागले. आमच्याकडे विम्याची गरज नाही. होल-इन-वनचा खर्च हरणाऱ्याकडून वसूल होतो.

खऱ्या गोल्फमध्ये नशीब नाही असं मी म्हणत नाही. आहे, पण फार मागासलेल्या अवस्थेत आहे. १९४९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल सेंट जॉर्जेसच्या मैदानावर, आयर्लंडच्या हॅरी ब्रॅडशॉचा चेंडू एका फुटक्या बाटलीत जाऊन बसला. चेंडू पडला तसा खेळायचा हा गोल्फचा जुना धर्म. ब्रॅडशॉने बाटलीसकट फटका मारला, काचा उडाल्या, चेंडू थोडासा पुढे सरकला. शेवटी त्याची दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. आता यातला खटाटोप बघा. एका माणसाचं नशीब फिरवायला आधी कुणीतरी बाटली आणायची, रिकामी करायची, फोडायची आणि नेमकी तिथे टाकून जायची. आमच्या खेळात बाटली लागत नाही.

किंवा मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टाच्या मैदानाचा बारावा होल घ्या. जेमतेम १५५ यार्डांचा, समोर रेज क्रीक नावाचा ओढा, आणि झाडांमध्ये घुमणारा, कुणालाच न कळणारा वारा. १९९२ च्या मास्टर्समध्ये फ्रेड कपल्सचा चेंडू तिथल्या उतारावरून ओढ्याकडे घरंगळत निघाला आणि पाण्याच्या जरा अलीकडे, का कोण जाणे, थांबला. कपल्सने स्पर्धा जिंकली. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी अर्ध्या वाटेवर पाच फटक्यांनी पुढे होता. त्याने त्याच ओढ्यात दोन चेंडू घातले, त्या एका होलवर सात फटके घेतले आणि हातात आलेली स्पर्धा घालवली. लोक कपल्सच्या चेंडूला दैवी म्हणतात, पण स्पीथला मात्र आपला फटका बिघडला हे स्वतःला चांगलंच ठाऊक होतं. कौशल्याचा छळ म्हणतो तो हाच. आमच्या खेळात त्याला ‘परफेक्ट’ अशी सोनेरी अक्षरं दिसली असती आणि तो शांत झोपला असता.

या दयाळूपणामागे केवढं गणित आहे याची लोकांना कल्पना नसते. संगणकाला दैव ठाऊक नसतं. त्याला ते बेरीज-गुणाकार करून बनवावं लागतं. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये मर्सेन ट्विस्टर नावाची रीत काढली, ती पायथॉनसारख्या संगणकभाषांत आजही वापरात आहे. तिच्यातून निघणाऱ्या आकड्यांची माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला जितके आकडे जावे लागतात, ती संख्या लिहायची तर सहा हजारांहून जास्त अंक मांडावे लागतील. माझा चेंडू झाडीत घालायला माणसाने एवढी बुद्धी खर्च केली. आपल्याकडे सटवाई पाचवीच्या रात्री यायची, कपाळावर एकदाच काय ते लिहून जायची, आणि बापडा माणूस तेवढ्याच मजकुरावर जन्म काढायचा. आता दर फटक्याला मजकूर नव्याने लिहिला जातो. महाराष्ट्रात तरी याचं नवल वाटायला नको. म्हाडाचं घर सोडतीत लागतं, आरटीईतला शाळाप्रवेश सोडतीत लागतो, आणि राज्याची लॉटरी तर सरकारने १९६९ मध्येच सुरू केली. चेंडूनेच काय घोडं मारलं आहे?

काही खेळ बनवणारे मात्र खेळाडूंच्या दबावाला बळी पडले. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० मध्ये आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत एक अनुभव सांगितला. लढाईत तीनास एक असं पारडं आपल्या बाजूने असताना हरलं की खेळाडू खवळतात आणि खेळच बिघडला आहे म्हणतात. पारडं उलट असताना जिंकले तर मात्र त्यांना काहीच वावगं वाटत नाही. मग मायर आणि मंडळींनी खेळाडूंचं मन राखायला गणितच जरा वाकवलं. याला मी खुशामत म्हणतो. आमच्या खेळाने असला लाळघोटेपणा कधी केलेला नाही. मायर यांच्या अनुभवावरून काही जण असाही निष्कर्ष काढतात, की माणूस जिंकलेला डाव कौशल्याच्या खात्यावर टाकतो आणि हरलेला नशिबाच्या. असे लोक असतीलही. मी स्वतः जिंकलेले डाव नीट तपासून पाहिले आहेत. त्यांत नशीब कुठेही आढळलं नाही.

या खेळाने समाजात श्रद्धा टिकवून ठेवली, हेही नोंदवलं पाहिजे. १९४८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना पेटीत ठेवून, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते आले, अशी त्या कबुतरांची समजूत झाली असावी. एक घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गोल फिरू लागलं, एक पेटीच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. आमच्या गटातले एक निवृत्त अभियंते समोरून वारा असला की फोन किंचित वाकडा धरतात. एक वहिनी फटक्याआधी घोटभर पाणी पितात, आणि पटिंगच्या वेळी घरातल्या कुणी शिंकलेलं त्यांना चालत नाही. एक प्राध्यापक, अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारे, उजव्या अंगठ्याने सलग हरले की डाव्या अंगठ्यावर जातात. स्किनरच्या कबुतरांना दाण्यांचे पैसे पडत नव्हते, एवढाच काय तो फरक.

पैशांचं निघालंच आहे तर पेट्यांविषयी सांगायला हवं, कारण या खेळातली सगळ्यात उदात्त कल्पना तीच आहे. डाव जिंकलात की एक पेटी मिळते. ती उघडायला काही तास थांबावं लागतं. घाई असेल तर पैसे मोजून आत्ताच्या आत्ता उघडता येते. आत नव्या स्टिकचे पत्ते असतात. कोणते, ते पेटीच ठरवते. ज्या ड्रायव्हरची गरज असते त्याचा एक पत्ता येतो, आणि गरज नसलेल्या वेजचे चाळीस. म्हणजे एखाद्याने हट्टाने, सगळ्या अडचणींवर मात करून, निव्वळ कौशल्यावर डाव जिंकलाच, तरी त्याचं बक्षीस सोडतीतूनच निघतं. कौशल्याने मागच्या दाराने आत शिरू नये याची ही दुहेरी तजवीज. या पेट्यांवर जगात उगाच आरडाओरडा झाला. अमुक पत्त्यांचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस, अशी रचना जपानने २०१२ मध्ये बंद करायला लावली. आत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करा असं चीनने २०१७ मध्ये सांगितलं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या काही पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. माणसाच्या आशेवर इतकी बंधनं घालणाऱ्या देशांत लोक रात्री काय करतात कोण जाणे.

आपल्याकडे कायद्याने हा विषय अधिक खोलात जाऊन पाहिला. खेळात कौशल्य जास्त की नशीब, हे तोलण्यात आपली न्यायालयं कित्येक दशकं गुंतली होती. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्याचा निकाल लागला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही त्याच रांगेत आल्या. पुढे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तराजूच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो बंद. मी बातमी वाचून क्षणभर हादरलो होतो. पण आमच्या खेळाला काही झालं नाही. त्यात पैसे फक्त आत जातात. परत काही मिळण्याची सोयच नसल्याने त्याला जुगार म्हणायला जागा उरत नाही.

तेव्हा कंपनीला माझी एवढीच विनंती आहे: तक्रारखोरांचं ऐकून यात बदल करू नये. ‘परफेक्ट’ ही अक्षरं हवी तर आणखी मोठी करावीत, आवाजही थोडा वाढवावा. सरावाचं मैदान चालू ठेवावं. तिथे चेंडू नेहमी सरळ जातो, त्यामुळे माणसाला परत खऱ्या डावात उतरायचं बळ येतं. आणि ज्या वाचकांना हा खेळ नव्याने सुरू करायचा असेल त्यांनी पहिल्या दिवशी पैसे भरू नयेत. पेटी काही तासांनी आपोआप उघडते. तोवर माझ्याकडून वाऱ्याचं कोष्टक मागवून घ्यावं आणि पाठ करून ठेवावं.