जॉनी, झरी आणि जावईबापू

सासुरवाडीला गेलेल्या जावयाने दोनच कामं करायची असतात: जेवायचं आणि आडवं व्हायचं. चौदा वर्षं मी तेलंगणातल्या उटनूरला ही दोन्ही कामं चोख बजावत आलो. पण 2025 च्या जानेवारीत मेहुण्याने माझ्या या लौकिकाला सुरुंग लावला.

"दाजी, उद्या पहाटे सायकलवर. हेरिटेज ट्रेल करू."

म्हणजे काय, तर उटनूरातल्या गोंड राजांच्या किल्ल्यापासून निघायचं आणि जन्नारमच्या रस्त्याने कवाल व्याघ्र प्रकल्पाचं जंगल बघून यायचं. यातला 'व्याघ्र' हा शब्द त्याने लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पगाराचा आकडा उरकतात तसा उरकला.

"वाघ आहेत का रे?"

"येऊन-जाऊन असतात."

म्हणजे माझ्यासारखेच. कवालचं अभयारण्य 1965 चं, 2012 साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. नुसता गाभाच सुमारे 893 चौरस किलोमीटरचा. जंगल सागवानाचं, चितळ-नीलगाई भरपूर. वाघ मात्र ताडोबा नि टिपेश्वरकडून येतात. महाराष्ट्रातून यायचं, भरपूर खायचं आणि परत जायचं, हे उटनूरकरांना माझ्यामुळे सवयीचं आहे.

त्यातून जॉनीची बातमी ताजी होती. हा आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचा तरणाबांड वाघ. 2024 च्या ऑक्टोबरात जोडीदारीण शोधायला निघाला आणि आदिलाबाद, निर्मल पालथं घालत, नागपूर-हैदराबाद हायवे ओलांडून दोनशे किलोमीटरहून जास्त चालला. मला वाचून अगदी भरून आलं. मुलगी बघायला मीही नांदेडहून इकडेच आलो होतो. फक्त एसटीने. आणि वाटेत त्याने गुरं मारली, माझ्या वाट्याला पोहे आले.

पहाटे सासूबाईंनी धपाट्यांचा डबा कॅरिअरला बांधला आणि "जावईबापू, जपून हं," असं म्हणून मेहुण्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ 'सायकल उसनी आहे' असा होता, हे मला मागाहून कळलं. सायकलला एकवीस गिअर होते. त्यांपैकी मला दोनच सापडले, एक जड आणि दुसरा त्याहून जड.

किल्ल्यापाशी मेहुण्याने माझे सात फोटो काढले. सगळ्यांत किल्ला ताठ उभा आहे आणि पडझड माझी झालेली दिसते. पुढे चढ लागला आणि त्याची इतिहासाची तासिकाही लागली. त्याला पायडल मारता मारता बोलता येतं, मला दोन्हींपैकी एकच जमतं.

"दाजी, 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमरम भीम मारला गेला. मग निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाला इकडे धाडलं. गोंड एवढे का उठले, ते बघायला. तो मारलवाईला राहिला. त्याच्या बायकोची समाधी पण तिथंच आहे. आणि आपले सेतुमाधवराव पगडी! निजामाच्या नोकरीतला मराठी माणूस, इथं येऊन गोंडी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं!"

मी "हं" म्हणालो. ती दाद नव्हती, तो श्वास होता.

चौदा वर्षांत मी इथे येऊन जेवढं तेलुगू शिकलो, त्याचं व्याकरण एका धपाट्याच्या कागदावर मावेल, असा विचार करतोय तोच मागच्या चाकातून 'फुस्स' असा आवाज आला. वाघ नव्हता, बाभळीचा काटा होता. पंप मेहुण्याकडे होता आणि मेहुणा दोन वळणं पुढे कुणाला तरी पगडी सांगत होता. फोनला रेंज नव्हती. मी सायकल ढकलत परत निघालो. सायकल चालत नव्हती, म्हणून मी चालत होतो.

तेवढ्यात मागून माणसांची रांग आली. सगळे पांढऱ्या कपड्यात, सगळे अनवाणी. त्यांच्याजवळ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पितळी झरी होती. हे मेस्राम कुळातले गोंड. दर वर्षी पौष अमावास्येच्या आधी केसलापूरहून पायी निघतात, जन्नारमजवळ कलमडुगूला गोदावरीचा हस्तिनमडुगू नावाचा डोह आहे तिथून पाणी भरतात आणि पायीच परततात. अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने केसलापूरच्या नागोबाला अभिषेक होतो आणि जत्रा भरते. त्याच जत्रेत कुळातल्या नव्या सुना देवापुढे आणतात. ती 'भेटिंग' झाली की सून पक्की मेस्राम.

जावयासाठी असली काही सोय असल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक म्हातारबाबा माझ्यापाशी थांबले. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा, भेगांत लाल माती, आणि चालण्यात लंगडेपणाचं नावही नाही. त्यांनी माझ्या पायांतले नवे बूट बघितले, डोक्यावरचं हेल्मेट बघितलं, मग चपटं चाक बघितलं.

"बिघडली का, बाबू?" मराठीतच विचारलं.

"हो ना. काटा."

"पाय तर बरे आहेत ना?"

"आहेत."

"मग चला की."

इतका सोपा सल्ला मला कुठल्याही डॉक्टरने दिला नव्हता. मी चाललो. ते झरी घेऊन पुढे, मी सायकल घेऊन मागे. पाण्याचा थेंब सांडू नये म्हणून ते जपून पावलं टाकत आणि तरीही मी मागे पडत होतो. रस्त्यातली माणसं झरीला हात जोडत, मग माझ्यापाशी येऊन हात तसेच अर्धवट ठेवून विचारात पडत. जॉनीला जोडीदारीण हवी होती, यांना देवाचं पाणी न्यायचं होतं. मला सात फोटो हवे होते आणि ते केव्हाच निघाले होते.

उटनूरच्या फाट्याला बाबांना धपाटे दिले. त्यांनी हसून हातानेच नको म्हटलं आणि रांग पुढे गेली. मेहुणा घामाघूम होऊन मागून आला तेव्हा मी डबा संपवत होतो.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. लग्नातही दिलं होतं, पण तेव्हा पायांना एवढी माती नव्हती. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि मायेने म्हणाल्या,

"सायकलला फिरवून आणलंत होय, जावईबापू?"