सस्तन प्राण्यांचा सातबारा

कोण कुठे राहतं याची खडान्‌खडा माहिती असलेला एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे ते नकाशेकाका. आता बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे त्यांना पंधरा वर्षांत कळलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण थायलंड-म्यानमारच्या सरहद्दीवर, चुनखडीच्या गुहांत, जेमतेम दोन ग्रॅम वजनाचं वटवाघूळ राहतं हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

काका मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. हयातभर लोकांच्या बांधांवर साखळी ओढली, सख्ख्या भावांच्या मधोमध हद्दीचे दगड रोवले आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर माणसं पत्रिका बघायला लागतात, नाहीतर होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतात. काकांनी जगातल्या यच्चयावत सस्तन प्राण्यांची हद्दकायम मोजणी अंगावर घेतली. दिवाणखान्याच्या भिंतीवर छतापासून सोफ्यापर्यंत जगाचा नकाशा आला आणि काकूंचं शोकेस बाल्कनीत गेलं.

घरी गेलेल्या माणसाला चहाआधी प्रश्न येतो. "सस्तन प्राण्यांच्या जाती किती?"

"असतील हजारभर," आपण म्हणतो.

"२००८ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने जगाची मोजणी पुरी केली. १३० देशांतले सतराशेच्या वर जाणकार बसवले होते. जाती निघाल्या ५,४८७. आज आकडा साडेसहा हजारांच्या पुढे आहे."

"एवढ्यात इतके वाढले?"

"वाढले नाहीत हो, पोटहिस्से पडले. जिराफाचंच घ्या. आफ्रिकेत वर्षानुवर्षं सगळ्यांचा सामायिक उतारा होता. २०१६ मध्ये जनुकांचे कागद बाहेर आले आणि कळलं, घरं चार आहेत. आता मला सांगा, चार हिश्शांचे चार नकाशे नव्याने कोण काढणार?"

आपण काढणार नसतो. तरी चहा गार होईपर्यंत मान खाली घालून बसावं लागतं.

काकांना सगळी सृष्टी भूमी अभिलेखाच्या भाषेतच दिसते. घूस घरात शिरली की ते अतिक्रमण. निळ्या देवमाशाला लगतधारकच नाहीत, म्हणून त्याच्याबद्दल त्यांना विशेष आदर. चित्त्याच्या फेरफारावर तर ते तासभर बोलतात. "१९५२ मध्ये भारतातून याचं नाव कमी केलं. सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, नामिबियाहून आठ आणून कुनोला सोडले. आता यांना वारस म्हणून लावायचं की कूळ म्हणून? आपल्याकडे होता तो आशियाई, आलेले आफ्रिकी. मी असतो तर तूर्त शेरा मारला असता, 'वाद प्रलंबित'."

एकदा या मोजणीपायी सोसायटीत हाहाकार झाला. काकांनी बिबट्याचा नकाशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. लाल रेघेच्या आत आमचं पार्किंग होतं. रात्री साडेनऊला सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली, वॉचमनच्या हाती काठी दिली आणि जिन्यातले सगळे दिवे लावायला लावले. काका हातात पट्टी घेऊन शांतपणे आले.

"रेघ कशी मारतात ते आधी समजून घ्या. कुठे कुणी प्राणी पाहिला, कुठे कातडं मिळालं, कुठे पिंजऱ्यात सापडला. एवढे ठिपके पडतात. मग उंची, रान, पाऊस बघून जाणकार माणूस ठिपक्यांना कवेत घेणारी एक हद्द ओढतो. त्या हद्दीत धरण येतं, बसस्टँड येतं, तुमचं पार्किंगही येतं. गट नंबर लागला म्हणजे गडी तुमच्या ओसरीवर बसला असं होत नाही!"

"म्हणजे बिबट्या नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"असं मी म्हटलं का? नोंद नाही एवढंच म्हणतोय."

सभा आणखी दोन तास चालली.

पण 'नोंद नाही' या दोन शब्दांवर काकांचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. २००८ च्या त्या मोजणीत ८३६ जातींपुढे 'माहिती अपुरी' असा शेरा पडला होता. काकांच्या मते इतका प्रामाणिक शेरा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नाही. आपल्याकडे पिकपाहणी चावडीत बसूनही होते. इथे निदान लिहून तरी दिलंय, की बाबांनो, आम्ही शेतावर गेलो नाही.

याला त्यांचा ठरलेला दाखला म्हणजे बेळगावकडच्या तळेवाडीची बारापेडे गुहा. तिथे १९१२ च्या सुमारास एक वटवाघूळ सापडलं. विसावं शतक सरत आलं तरी जगाच्या नकाशावर त्याचा तो एकच ठिपका. मग दुसरा ठिपका पडला तो थेट कंबोडियात, आणि पुढे मेघालयात. "मधे काय ते विमानाने गेलं?" काका टाचणीने बंगालचा उपसागर टोचत विचारतात. "मधल्या गुहांत रात्री बॅटरी घेऊन गेलं कोण? नकाशावरची कोरी जागा ही प्राण्याची गैरहजेरी नसते, आपली असते."

हजेरीच्या बाबतीत त्यांचं दैवत म्हणजे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण. १९११ ते १९२३, बारा वर्षं, मूठभर माणसं आणि सुमारे पन्नास हजार नमुने. पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा. हे सांगताना काकांचा आवाज जळगावचे जावई असल्यासारखा होतो. ते आहेतही. काकू म्हणतात, "माहेरची एवढी एकच गोष्ट यांना कौतुकाची वाटली, आणि तीही मेलेल्या उंदरांची."

काकूंनी आता हात टेकले आहेत. रविवारी रात्री न्यू जर्सीहून मुलाचा फोन येतो.

"बाबा, तब्येत कशी आहे?"

"माझं सोड. ओपॉसम दिसला का?"

"परवा कचऱ्याच्या डब्यात होता."

"किती वाजता? डबा घराच्या उत्तरेला की दक्षिणेला?"

"अहो, नातू कितवीत गेला ते विचारा," काकू मागून ओरडतात.

"विचारू की. तो काही निशाचर नाही."

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला आला, तेव्हा काकांनी त्याला फाटकावरच अडवला. त्याच्या पावतीवर 'उंदीर' लिहिलं होतं आणि जिन्याखाली होती चिचुंद्री. "ही उंदीर नव्हे. हिचं कुळगोत्र निराळं. ही किडे खाते. जहाजांत बसून मॉरिशसपर्यंत गेलेली बाई आहे ही." पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, "काका, दर तोच आहे." काकांनी पावती दुरुस्त करून घेतली आणि मगच आत सोडला. पण गोंधळात चिचुंद्री निसटली होती. हा योगायोग नसावा, असा माझा अंदाज.

एकदा मी त्यांच्याबरोबर सिंहगडावर गेलो. माणसं जातात तसा पिठलं-भाकरीसाठी गेलो होतो. काकांनी चटईवर बसताक्षणी वाढणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, इथे रात्री उंदीर दिसतात का?"

मावशींच्या हातातला दह्याचा मटका थांबला. "आमच्याकडं उंदीर न्हाईत! बाजूला इचारा."

"अहो, असायला हवेत!" काका कळवळून म्हणाले. शेजारच्या चटईवरचं कुटुंब उठून गेलं.

मग काका मला माथ्यावरच्या झुडपांत घेऊन गेले. गुडघ्यावर बसले आणि एका बिळाकडे बोट दाखवलं. बोटभर रुंदीचं बीळ, कडेला मोकळी माती, आणि हातभर अंतरावर भज्यांचा तेलकट कागद. "मिलार्डिया कोंडाना," ते हलक्या आवाजात म्हणाले, जणू आत कोणी झोपलंय. मऊ केसांचा हा उंदीर याच गडावरून १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला. नावातला मिलार्ड म्हणजे त्या मुंबईच्या सर्वेक्षणामागचा माणूस, आणि कोंडाना म्हणजे आपला कोंढाणा. जगाच्या नकाशावर याची हद्द इतकी लहान, की काकांची टाचणी रोवली तर अख्खं राज्य तिच्या डोक्याखाली झाकतं. धोक्यातल्या जातींच्या यादीत तो आहे, आणि धोक्यांत चराई आहे, तशीच तुमची-आमची सहलही आहे.

"हे बीळ त्याचंच कशावरून?" मी विचारलं.

"नोंद नाही," काका म्हणाले. त्यांनी वही काढून तारीख, वेळ, उंची लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग भज्यांचा कागद उचलून घडी करून खिशात घातला.

उतरताना म्हणाले, "साताच्या नमुन्यावर मालकाचं नाव असतं. बाराच्या नमुन्यावर रानात खरोखर काय उभं आहे ते. प्राण्यांना सात नसतो हो. त्यांच्याकडे फक्त बारा. तोही आपण जाऊन लिहिला तर."

तेव्हा पुढच्या रविवारी गडावर गेलात तर पिठलं पोटभर खा, दही दोनदा मागा, पण कागद तिथे टाकू नका. जागा वहिवाटीतली आहे.