अँबेसेडरला हुक

वऱ्हाडात जुन्या गाडीला हुक लावायचं म्हटलं की लोक पुढच्या बंपरकडे पाहतात. मागे लावायचं आहे असं सांगितलं, तर आधी गाडीकडे आणि मग मालकाकडे पाहतात. त्यांचंही चुकत नाही. पन्नाशीला टेकलेली गाडी ही टोचन करून आणायची वस्तू आहे, हा इथला अनुभव. टोचन केलेली गाडी ताशी २४ किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, असं १९८९ च्या रस्ता-नियमांत लिहिलं होतं. ते न वाचताही आमच्याकडे पाळलं जायचं. वेग तेवढाच निघायचा आणि दोर तेवढाच असायचा.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या भाषेत मामाजींना, त्यांच्या अँबेसेडरला मागे हुक हवा होता. मामाजी बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत राहतात. उभी हयात मालगाडीचे गार्ड म्हणून गेली. २०२२ च्या जानेवारीपासून रेल्वे गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणू लागली. मामाजी त्याआधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचं मॅनेजर होणं राहून गेलं. घरातल्या माणसांवर ती भरपाई चालू असते. गाडी १९७६ ची, मार्क थ्री, पांढरी. चिखलदऱ्याला सगळं घर घेऊन जायचं, आणि गाद्या, स्टो, डबे, पाण्याचे कॅन गाडीच्या मागे छोट्या ट्रॉलीत टाकायचे, असा त्यांचा बेत.

सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की “तिथं हाटेलं हायेत.”

तसं पाहिलं तर ही कल्पना अँबेसेडरच्या रक्तातच आहे. तिची आई इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिकडची मध्यमवर्गीय माणसं अशाच गाड्यांच्या मागे कॅराव्हॅन लावून समुद्रावर जायची. युरोपात हुकाचा ट्रॉली अडकवायचा गोळा ५० मिलिमीटरचा, हे प्रमाण ठरलेलं आहे. पार्किंगमध्ये त्यावर नडगी आपटते म्हणून इंग्रज त्यावर जुना टेनिस बॉल कापून बसवतात. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५७ पासून २०१४ पर्यंत अँबेसेडर निघत राहिली. तिनं मंत्री वाहिले, वऱ्हाडी वाहिले, टपावर कापसाची गाठोडीही वाहिली. मागे मात्र तिच्या कुणी काही जोडलं नाही. जे काही न्यायचं ते आतच बसवायचं, ही आपली रीत. मागच्या सीटवर पाच जण आणि मांडीवर दोन, मग ट्रॉली लागतेच कशाला?

जुन्या वस्तीतल्या वस्तादांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, तोंडातला खर्रा बाजूला थुंकला आणि विचारलं, “साहेब, जीप काऊन नाही घेत?”

प्रश्न रास्त होता. जीप जन्मतःच ओढणारी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीसच्या मागे पाव टनाची ट्रॉली असायची. महिंद्रांनी १९४७ मध्ये जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा तो सांगाडाही तिच्यासोबत आला: खाली दोन लांब लोखंडी चॅनल, मागे आडवा चॅनल. त्याला हुक लावा, विषय संपला. अँबेसेडरला तसा वेगळा सांगाडा नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. डिकीच्या तळाखाली दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पोकळ पेट्या जातात आणि सगळी मदार त्यांच्यावर. स्प्रिंगच्या पाट्यांचा मागचा भार तिथेच येतो. ओढायचं तर हुकाचं मूळ तिथेच रोवायला हवं. बंपरला हुक लावला तर ट्रॉली बंपर घेऊन मागे राहते आणि गाडी चिखलदऱ्याला पोचते.

वस्ताद खाली सरकले. मी जावई, म्हणून टॉर्च धरायचा मान माझा. त्यांनी पेचकस उलटा धरला आणि मुठीनं पेटी ठोकत गेले. टण्, टण्, टण्. डाव्या चाकाच्या मागे आवाज एकदम बदलला. भद्. वस्ताद थांबले, तिथेच पुन्हा ठोकलं, आणि पेचकसाच्या टोकानं जरा खरवडलं. काळ्या रंगाची पापडी गळून माझ्या बाहीवर पडली, पाठोपाठ तांबूस भुगा. “हे पाहा. इथं बोल्ट मारला असता तं बोल्टच्या संगं आख्खी पट्टी बाहीर आली असती.” तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडण्यात पहिला दिवस गेला. ज्यावर हुक बसतो तो बार बसवण्याआधीच त्याचा अर्धा खर्च झाला. जुन्या गाडीत असंच होतं. तुम्ही एक काम काढता आणि गाडी तिच्या मनातलं दुसरं पुढे करते.

पुढचं काम मात्र मला पाहत राहावं असं वाटलं. पोकळ पेटीतून आरपार बोल्ट घालून नट आवळला, तर पेटी चेपते. म्हणून वस्तादांनी पेटीच्या रुंदीइतके नळीचे तुकडे कापले, ते आत बसवले आणि बोल्ट त्या नळीतून घातला. आता कितीही आवळा, जोर नळीवर येतो. डिकीच्या आतून जाड पट्टी टाकली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता हातभर पत्र्यावर पसरेल. वेल्डिंग कुठेच केलं नाही. “बोल्ट खोलता येते साहेब, वेल्डिंग कापा लागते,” हे त्यांचं कारण. मामाजींनी मान डोलावली. मान डोलावण्यामागचं त्यांचं कारण वेगळं होतं, त्याकडे येतो.

वजनाच्या बाबतीत वस्तादांना शिकवायची गरज पडली नाही. बंडी हाकलेल्या माणसाला ते येतंच. मागे भार जास्त झाला की बंडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैल दबतात. ट्रॉलीचंही तेच. सामान तिच्या चाकांच्या मागे भरलं तर गाडीची शेपटी उचलली जाते, मागची चाकं हलकी होतात आणि वेग धरला की ट्रॉली डावी-उजवीकडे झोकांड्या देऊ लागते. म्हणून हुकावर थोडं वजन येऊ द्यायचं, ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. गाद्या मागे, पाण्याचे कॅन पुढे.

दिव्यांचं प्रकरण थोडक्यात सांगतो. ट्रॉलीलाही इंडिकेटर हवेत, आणि जुन्या फ्लॅशरवर जास्तीचे बल्ब टाकले की तो घाईघाईनं मिचकावू लागतो. नवा फ्लॅशर टाकला.

खरा वाद ब्रेकवर झाला. इंजिनाबद्दल कुणालाच शंका नव्हती. १४८९ सीसीचं ते इंजिन कुरकुरत का होईना, ओढतं. पण परतवाड्याच्या पुढे घाट चढून गेलं की तोच घाट उतरायचाही असतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरवर. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर ते तापले की पेडल मऊ होत जातं, आणि मागे बिनब्रेकाची ट्रॉली ढकलत असते. इथे मामाजींमधला गार्ड जागा झाला. आयुष्यभर त्यांनी गाडी मागून पाहिली होती, पुढचा ड्रायव्हर काय ओढतो याचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. “मालगाडी वढाले इंजिन एक, पण ब्रेक हर डब्याले. मधातून पार्टिंग झालं तरी पाइपातली हवा जाते आन् दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. इथं ट्रॉली सुटली तं काय थांबवीन तिले?” लोकांच्या नजरेत गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात बसून झेंडी दाखवणारा माणूस. मला तरी त्या दिवशी तिथला सगळ्यात शहाणा माणूस तोच वाटला. शेवटी हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या असं ठरलं, म्हणजे हुक सुटला तरी ट्रॉलीचा दांडा रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडेल. चारही ड्रम उघडले. लायनर नवे टाकले.

बोल्ट बसण्याआधीच कुणीतरी मामाजींच्या कानात व्हीए पाटीचं सांगितलं होतं. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची, परत आणून झाकून ठेवायची. मामाजी दोन दिवस विचारात होते. मानाची पाटी घेतली तर हुक आणि चिखलदरा दोन्ही गेले. सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे तुमच्यासारखंच. सत्कार करायचा आन् घरी बसवाचं.” व्हीए पाटीचा विषय तिथेच मिटला. बोल्ट खोलता येतात हे मामाजींनी तेवढ्यासाठीच लक्षात ठेवलं होतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता. माझं मत विचाराल तर सासूबाईंशी मी सहमत आहे. जावयानं असायलाच हवं, तो भाग वेगळा.

बार आता बसला आहे. गोळ्यावर नडगी घरातल्या प्रत्येकानं एकदा आपटून घेतली. टेनिस बॉलऐवजी त्यावर नारळाची करवंटी आली, आणि शनिवारी त्यालाच लिंबू-मिरची लटकली. ट्रॉलीचे कागद मात्र व्हायचे आहेत, कारण कायद्यानं ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते. बार लावल्याचा बदलही आरटीओला विचारूनच कागदावर आणायचा आहे. घाटाआधी सराव म्हणून मामाजींनी अकोल्याचा रस्ता निवडला आहे. हाच तो लोणीच्या पुढचा रस्ता, २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पडलं आणि गिनीज बुकात गेला. इतका गुळगुळीत की तिथे कुणाला धीर नसतो. तेव्हा त्या रस्त्यावर डाव्या कडेनं ताशी चाळीसनं जाणारी पांढरी अँबेसेडर दिसली आणि मागे ट्रॉली असली, तर हॉर्न वाजवू नका, उजवीकडून निघून जा. आणि पुढे गेल्यावर तिच्यासमोर एकदम ब्रेक मारू नका. लायनर नवे आहेत, पण थांबायला तिला वेळ लागतो.