चामड्याचा सोफा : वाघोलीकरांसाठी मार्गदर्शिका

वाघोलीत फ्लॅटचा ताबा मिळाला की दोन गोष्टी तातडीनं लागतात : टँकरवाल्याचा नंबर आणि सोफा. पहिली सोय सोसायटीचा वॉचमन करतो. दुसरीसाठी नगर रोडला फर्निचरची दुकानं हात जोडून उभी आहेत. तिथं 'फॅक्टरी रेट' असा फलक असतो आणि फॅक्टरी कुठं आहे हे विचारायचं नसतं. तरीही ज्यांना चांगल्या चामड्याचाच सोफा हवा आहे, अशा जिद्दी मंडळींसाठी पुढील नियम.

नियम १ : इतिहास काढू नये. शाहू महाराजांच्या काळातले सरदार पिलाजीराव जाधवराव याच गावचे. मोहिमा आखायला त्यांना थ्री-सीटर लागला नाही, हे खरंच. पण त्यांच्या डोक्यावर ईएमआयही नव्हता आणि खराडीच्या कंपनीतला मॅनेजर सहकुटुंब जेवायला येणार नव्हता. तेव्हा 'आम्ही सतरंजीवर बसून शिकलो' हे वाक्य ज्येष्ठांनी दुकानाच्या पायरीवरच आवरावं.

नियम २ : प्रकार पाठ करावेत. कातड्याचा सगळ्यात वरचा थर न घासता ठेवला तर तो फुल ग्रेन. थोडा घासून, व्रण काढून वर रंगाचा हात दिला की टॉप ग्रेन. वरचा थर सोलून नेल्यावर खाली उरतो तो स्प्लिट. त्यावर मुलामा चढवून खोटे कण उठवतात आणि 'जेन्युइन लेदर' ही चिठ्ठी त्यालाही लावतात. चामडं आहेच ना ते! कातरणांचा भुगा चिकटवून कापडावर थापला की बाँडेड. आणि ज्याच्या जन्माशी कुठल्याही जनावराचा संबंध नाही, नुसता कापडावर पॉलियुरेथेनचा थर, ते पीयू. दुकानात त्याला 'इटालियन', 'इम्पोर्टेड', 'लेदर फिनिश' अशी बरीच नावं आहेत. नाव जितकं लांब, तितकं चामडं कमी.

नियम ३ : डाग दिसला की खूश व्हावं. फुल ग्रेनवर गोचिडांच्या खुणा असतात, काटेरी कुंपणाचे ओरखडे असतात, मानेकडच्या सुरकुत्या असतात. म्हैस काही सोफा व्हायचं ठरवून जपून वागत नाही. बैठकीपासून हातापर्यंत सगळे कण एकाच मापाचे, एकाच ओळीत दिसले, तर ते साच्यातून आलेत असं समजावं.

नियम ४ : दुकानातले प्रयोग टाळ्या वाजवून पाहावेत, पण मानू नयेत. विक्रेता लायटर काढेल, बाटलीतलं पाणी ओतेल, 'वास घ्या साहेब' म्हणेल. मुलाम्याचं चामडंही पाणी पीत नाही आणि वास डबीत मिळतो. आपला प्रयोग वेगळा. बैठकीची गादी उचलावी. मागच्या बाजूला चेन असते, ती वीतभर उघडावी आणि चामड्याची उलटी बाजू दोन बोटांत धरावी. खरं चामडं आतून केसाळ लागतं, नखानं खरवडलं तर तंतू उठतात, त्याचे पदर सुटे होत नाहीत. उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड दिसलं, तर चौकशी संपली. याच क्षणी विक्रेत्याचा चेहराही पाहून घ्यावा. 'अहो मॅडम, चेन बिघडेल!' हे वाक्य आलं की निकाल लागला.

गादीवर समाधान मानून पाठीकडे दुर्लक्ष करू नये. बैठक आणि हात चामड्याचे, पाठ आणि बाजू रेग्झिनच्या, ही 'लेदर मॅच' नावाची सर्रास चालणारी रीत आहे. ती गुन्हा नाही. पूर्ण चामड्याच्या भावात ती घेणं मात्र अंगाशी येतं.

नियम ५ : त्रैराशिक मांडावं. एका मोठ्या कातड्यातून साधारण ५० चौरस फूट चामडं निघतं. नखशिखांत चामड्याच्या तीन जणांच्या सोफ्याला तशी चार तरी कातडी लागतात, कारण कापताना बरंच वाया जातं. आता बावीस हजारांत 'प्युअर लेदर' देणाऱ्याला नम्रपणे विचारावं : यात कातडी कमावणाऱ्याला किती, सुताराला किती, टेम्पोवाल्याला किती, आणि म्हशींनी उधारीवर दिली काय?

नियम ६ : उंदीर शोधायला वाकतो तसं वाकून खाली पाहावं. पाठीखालचं काळं कापड बाजूला करून सांगाडा कशाचा आहे ते बघावं : पक्कं लाकूड, प्लाय की भुशाचा बोर्ड. एक पाय उचलून धरावा. करकरला तर आजच करकरतोय. फोमची डेन्सिटी विचारावी. बैठकीला ३२ च्या खाली जाऊ नये. ४० मिळाला तर काका येऊन गेल्यावरही खड्डा पडत नाही. कातडं कितीही उंची असो, बसतो आपण फोमवरच.

नियम ७ : आधी लिफ्ट मोजावी, मग सोफा. लिफ्टचं दार, आतली उंची, जिन्याचं वळण, फ्लॅटची चौकट, हे सगळं टेपनं मोजून कागदावर न्यावं. केसनंद फाट्याची कोंडी पार करून आलेला टेम्पो, सातवा मजला आणि लिफ्टमध्ये न मावणारा एल-शेप, या प्रसंगी हमालांनी सांगितलेला आकडा हाच बाजारभाव असतो.

नियम ८ : हवामान ओळखावं. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं, तरी कित्येक सोसायट्यांत पाणी टँकरनंच येतं. इथं चामड्याची बाजू भक्कम आहे, ते धुवावं लागत नाही. पण खाणी, खडी क्रशर आणि चालू बांधकामांची बारीक धूळ चामड्याला घासते, म्हणून रोज मऊ कोरडं फडकं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नको. खोबरेल तेल नको, काच पुसायचा फवारा तर नकोच. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढावा, नाहीतर मागून हिरवी-पांढरी बुरशी धरते. पीयूचं दुखणं निराळं : दमट हवेत तो थर आतून तुटत जातो आणि काही पावसाळ्यांनी पापुद्रे सुटू लागतात. मग पाहुणे उठतात तेव्हा सोफ्याचा थोडा भाग त्यांच्या पँटला चिकटून त्यांच्या घरी जातो.

नियम ९ : तोंडी काही नको. 'टॉप ग्रेन, सर्व बाजूंनी' किंवा जे ठरलं असेल ते बिलावर लिहून घ्यावं. पाठीवरचं चामडं, सांगाड्याचं लाकूड, फोमची डेन्सिटी आणि वॉरंटी नेमकी कशाची, हेही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली पुण्यातच सुरू झाली. तिच्या शहरात राहून कच्च्या पावतीवर लाखभर रुपये मोजणं शोभत नाही. ग्राहक आयोगापुढे 'ते तसं म्हणाले होते' याला किंमत नाही, बिलाला आहे.

नियम १० : बजेट बसत नसेल तर लाजू नये. नकली चामड्यापेक्षा सागवानी सांगाडा आणि जाड सुती कापडाच्या गाद्या शंभर पटींनी बऱ्या. खोळी काढून धुता येतात, टँकर आला की. आणि अस्सल चामडं घेऊन वर कायमची चादरच अंथरणार असाल, तर दुकानात आधी ती चादर दाखवा. तिच्या मापाचा दिवाण निम्म्या पैशांत मिळतो.